ताण नेमका किती?

मराठीतला 'ताण' हा शब्द अलीकडे डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याच वाट्याला गेला आहे. परीक्षेचा ताण, नोकरीचा ताण, कर्जाच्या हप्त्यांचा ताण. ताण म्हटला की तो वाईटच आणि तो घालवायचाच, असे आपण धरून चालतो. एके काळी हा शब्द मनाचा कमी आणि हाताचा जास्त होता. बाज विणणारा माणूस पायथ्याची दोरी ओढून झाली की वर हाताने थापटून पाही. चरख्याची माळ ढिली असली तर चाती फिरत नाही आणि फार ताठ असली तर चाक जड जाते, हे सूत कातणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नसे. तबल्याचा कारागीर वादीखालचे गठ्ठे हातोडीने खाली-वर सरकवून सूर लावी. शिंपी यंत्राचा चामडी पट्टा ढिला पडला की बोटभर तुकडा कापून तो पुन्हा जोडीत असे. या सगळ्या माणसांच्या लेखी ताण चांगलाही नव्हता आणि वाईटही नव्हता. तो बरोबर असे किंवा चुकलेला असे. प्रश्न एवढाच, की ताण नेमका किती?

हा प्रश्न आज पुन्हा मांडावासा वाटला, त्याला निमित्त एका खेळण्याचे आहे. रिमोटवर चालणारा रणगाडा. अंबडच्या एका परिचित कुटुंबातल्या, दहावीत शिकणाऱ्या मुलाने तो बनवला. विकत आणला नाही, बनवला. सांगाडा प्लायवूडचा, दोन बाजूंना दोन मोटारी, आणि दोन्हीकडून फिरणारे प्लास्टिकच्या कड्यांचे पट्टे. रणगाडा सरळ छान चाले. वळायला गेला की पट्टा चाकावरून निसटे. त्या निसटण्याच्या मागे लागून या मुलाने दोन महिने घालवले, आणि घरात दोन महिने वाद चालू राहिला. 'काका, तुम्ही तरी सांगा याला,' त्याची आई मला म्हणाली, 'दहावीचं वर्ष आहे, आणि हा दिवसभर हेच करत बसायलाय.' मी त्याला काहीच सांगितले नाही. कारण तो जे करत बसला होता ते काय आहे, हे पाहिल्यावर मला वाटले, सांगायचेच असेल तर ते आपण मोठ्यांनी एकमेकांना सांगायला हवे.

आधी त्या पट्ट्याचे गणित पाहू. रणगाड्याच्या प्रत्येक बाजूला एका टोकाला दातेरी चाक असते. इंजिनाची ताकद तिथे येते आणि ते दाते पट्ट्याला ओढतात. दुसऱ्या टोकाला एक मोकळे चाक असते. ते काही ओढत नाही, पट्टा नुसता त्याच्याभोवती वळून परत येतो. मधली चाके वजन पेलतात. पट्टा ताणून ठेवण्याचे काम सहसा त्या मोकळ्या चाकाकडे असते. ते थोडे पुढे सरकवले की पट्टा ताठ होतो, मागे घेतले की त्याला झोळ पडतो. झोळ जास्त झाला तर वळताना पट्टा आडवा सरकतो, दात्यांवरून उडी मारतो आणि गाडी जागीच बसते. म्हणून करकचून आवळावा, तर मोटारीची शक्ती पट्टा फिरवण्यातच खर्च होते, खिळा आणि भोके झिजतात, आसावर भार येतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बरोबर जागा असते. ती पुस्तकात थोडी सापडते, बाकीची बोटांनी शोधावी लागते.

त्या मुलाने पहिल्यांदा बॉलपेनमधली स्प्रिंग लावली. चाक स्प्रिंगने पुढे ढकललेले राहील आणि ताण आपोआप सांभाळला जाईल, ही कल्पना मोठी हुशारीची. पुढे जाताना ती चाललीही. मागे जाताना फसली. कारण सोपे आहे. त्याच्या रणगाड्याचे दातेरी चाक मागच्या बाजूला आहे. गाडी पुढे जाते तेव्हा जमिनीलगतचा पट्टा ओढला जातो आणि वरचा सैल राहतो. तीच गाडी उलटी घेतली की सगळी ओढ वरच्या पट्ट्यातून त्या मोकळ्या चाकावर येते. स्प्रिंग दबते, चाक आत सरकते आणि पट्ट्याला नको त्या वेळी झोळ पडतो. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने गाडी उलटी चालवून, वाकून, डोळे चाकाच्या उंचीवर आणून ते पाहिले.

दुसरा उपाय त्याला मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या दुकानात सापडला. मागच्या चाकाचा आस लांबट खाचेत बसवलेला असतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून चाक मागे सरकवतात, चेन ताणतात, मग नट आवळतात. खिडक्या बनवणाऱ्याकडे उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत त्याने कानशीने तशीच खाच केली आणि तीन मिलिमीटरचा स्क्रू बसवला. या स्क्रूचा एक फेरा म्हणजे चाक अर्धा मिलिमीटर सरकते. चार फेऱ्यांत दोन मिलिमीटर. पट्टा मात्र वरूनही येतो आणि खालूनही, त्यामुळे चाक दोन मिलिमीटर सरकले की पट्ट्याची सुमारे चार मिलिमीटर ढिलाई भरून निघते. ही भूमिती त्याने आधी हाताने शिकली आणि वहीत नंतर मांडली. शेवटी त्याने स्क्रूच्या मागे आखूड, कडक स्प्रिंग घातली आणि तिच्यापुढे एक थांबा ठेवला. खडा आला तर चाक किंचित दबते, पण थांब्यापलीकडे जात नाही. आता पट्टा निसटत नाही.

पोरखेळच हा, असे कोणी म्हणेल. पण हाच प्रश्न एके काळी मोठमोठ्या इंजिनिअरांना छळत होता. अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर चालवून दाखवला. कॅलिफोर्नियातली जमीन एवढी भुसभुशीत, की चाके तिच्यात रुतत. म्हणजे हा पट्टा मुळात शेतीच्या गरजेतून आला. युद्धात तो नंतर गेला. १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या, शेतीची यंत्रे बनवणाऱ्या विल्यम फॉस्टर कंपनीत जगातल्या पहिल्या रणगाड्याची जुळणी चालू होती. त्यासाठी शिकागोहून तयार पट्टे मागवले होते. गाडी चर ओलांडू लागली की पट्ट्याला झोळ पडे, आणि जमिनीला पुन्हा टेकताना चाके नीट न बसता तो निसटून जाई. शेवटी कंपनीचे प्रमुख विल्यम ट्रिटन यांनी नवा पट्टा आखला. त्याच्या आतल्या बाजूला सांगाड्याला धरून ठेवणारी सोय केली, म्हणजे तो लोंबकळणारच नाही. तेव्हा कुठे गाडी धड चालली. पुढे १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. अंबडच्या मुलाने दोन महिने ज्याच्याशी झुंज घेतली, तो शत्रू असा शंभर वर्षांहून जुना आणि मानाचा आहे.

रणगाडा आपल्याला परकाही नाही. अंबडहून फार लांब नसलेल्या अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला, भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे. तिथले रणगाड्यांचे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते सुरू झाले. ब्रिटिश, जपानी, जर्मन अशा अनेक देशांची जुनी यंत्रे तिथे उघड्यावर ओळीने उभी आहेत. पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. मुलांच्या सहली जातात, तोफेच्या नळीजवळ फोटो निघतात आणि बस पुढे शिर्डीला निघते. त्या पट्ट्यांकडे, त्या मोकळ्या चाकाकडे, ते सरकवण्याच्या व्यवस्थेकडे बोट दाखवून 'हे असे का केले असेल?' असे एकही शिक्षक विचारताना मी ऐकलेले नाही. तोफ दिसते. तोफेला रणांगणापर्यंत नेणारा ताण दिसत नाही.

एवढेही लांब जायला नको. अंबड तालुक्यात पोकलेन कोणी पाहिलेले नाही? विहीर खोदायची, तळ्यातला गाळ काढायचा, कालव्याचे, रस्त्याचे काम, सगळीकडे हेच पिवळे धूड. त्याच्या पट्ट्याला चालक 'चेन' म्हणतात. चेन ढिली झाली की ते एका बाजूने यंत्र उचलतात, अधांतरी लोंबणाऱ्या चेनचा झोळ पाहतात आणि ग्रीस गनने आतल्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरतात. ग्रीसचा दाब मोकळ्या चाकाला पुढे ढकलतो. सैल करायची तर झडप अगदी हळूहळू उघडायची, तोंड बाजूला ठेवून, कारण आत दाबाने कोंडलेले ग्रीस माणसाला जखमी करू शकते. आणखी एक गंमत अशी, की काळ्या चिकट मातीत चेन थोडी ढिलीच ठेवावी लागते. चिखल दात्यांत घट्ट भरतो आणि चेन आपोआप ताणली जाते. आधीच ताठ ठेवली तर चिखलाने ती तुटण्यावर येते. परिस्थितीच ताणणारी असेल तर आपण थोडे सैल असावे, हा विचार सांगायला आपल्याकडे व्याख्याते मानधन घेतात. पोकलेनचा चालक तो रोज पाळतो. तो शिकला किती, तर बहुधा आठवी नापास.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. आपल्या तालुक्याच्या गावांत हे ज्ञान आहे, आणि शाळाही आहेत. या दोघांची गाठ पडत नाही. मत्स्योदरीच्या डोंगरापासून बाजारपेठेपर्यंत सहज फेरी मारली तर वेल्डिंगवाले, मोटारी गुंडाळणारे, ट्रॅक्टरचे मेस्त्री, सायकलवाले दिसतात. पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरच्या जालन्यात तर लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. दहावीतला मुलगा याच रस्त्याने शिकवणीला जातो. शिकवणीत त्याला बल आणि घर्षण यांच्या व्याख्या पाठ करायच्या असतात. रस्त्यावर बल आणि घर्षण काळ्या हातांनी काम करीत असतात. व्याख्येला पाच गुण मिळतात. हाताला एकही नाही.

ही तक्रार काही नवी नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हेच म्हटले होते, की शिक्षणाच्या मध्यभागी हाताचे काम असावे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. तो विषय वेळापत्रकात आला, आणि त्याचे काय झाले ते आपण सारे जाणतो. कागदी फुले, पाकिटे, खडू. तेही बहुधा आईने आदल्या रात्री केलेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांसाठी सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, माळी अशा जाणकारांकडे जाऊन शिकावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. लिहिले आहे, हे महत्त्वाचे. आपल्याकडे लिहिण्यात कधी कमी पडत नाही.

बँकेच्या नोकरीत मी अशा योजनांची दुसरी बाजू पाहिली. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना १९७९ मध्ये आली आणि १९९९ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. प्रशिक्षणाचा दाखला, अवजारांची पेटी आणि आमच्याकडे कर्जाचा अर्ज, असा तिचा क्रम असे. अर्जात शिक्षण, वय, जामीनदार, उद्दिष्टाचा क्रमांक, सगळ्याला रकाने होते. या माणसाच्या हाताला काम येते का, याला रकाना नव्हता. ज्यांच्या हातात लहानपणापासून काही घडले होते त्यांची कर्जे फिटताना मी पाहिली आहेत. ज्यांनी अठराव्या वर्षी तीन महिन्यांत पहिल्यांदा पान्हा धरला, त्यांच्या अवजारांच्या पेट्या बाजारात विकायला आलेल्याही पाहिल्या आहेत. हात विसाव्या वर्षी एकदम येत नाही. तो बाराव्या-तेराव्या वर्षी, काहीतरी मोडत, निसटत आणि पुन्हा बसवत यावा लागतो.

हे होऊ शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, आरोग्य अशी खरी कामे करायची, आणि त्यातून गावाला उपयोगी पडायचे, असा त्यांचा अभ्यासक्रम. तो पुढे राज्याच्या शिक्षण मंडळाने मान्य केला आणि इतर शाळांत गेला. जुन्या जीपचे भाग वापरून तिथे छोटा ट्रॅक्टरही बनवला गेला. अमेरिकेतल्या एमआयटीने 'फॅब लॅब' नावाच्या खुल्या कार्यशाळा जगभर उभ्या करायला घेतल्या, तेव्हा अगदी सुरुवातीच्या कार्यशाळांपैकी एक २००२ मध्ये पाबळला आली. बोस्टनहून ती पाबळला येऊ शकते, तर अंबडला का नाही?

सरकारने २०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस-वीस लाखांचे अनुदान दिले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा केली. चांगलेच आहे. भीती एवढीच, की कपाटाला कुलूप लागेल आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात राहील. यंत्र बिघडले तर जबाबदार कोण, या एका प्रश्नाने आपल्याकडच्या किती शाळांतले सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे नवेकोरे राहिले आहेत!

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप माझ्या घरातूनच आला. खेळायला रणगाडाच कशाला? युद्धाचे खेळणे मुलांच्या हाती द्यावे का? प्रश्न रास्त आहे. पण विकत आणलेला रणगाडा आणि घडवलेला रणगाडा यांत फरक आहे. विकतच्या रणगाड्याने मूल गोळ्या झाडते. घडवणारे मूल तोफेपर्यंत बहुधा पोचतच नाही. त्याचा सगळा जीव पट्ट्यात अडकलेला असतो. अंबडच्या रणगाड्याला अजून तोफ बसलेली नाही. तोच सांगाडा उद्या मोसंबीच्या बागेत फवारणीचा पंप ओढू शकेल. पट्टा शेतातून रणात गेला, तसा तो परतही येऊ शकतो.

दुसरा आक्षेप असा, की आता त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर हा भाग तासाभरात निघतो, मग कानस कशाला घासायची? छपाई जरूर करावी. पण स्प्रिंग उलट दिशेने का फसते, हे यंत्र सांगत नाही. चुकीचा भाग ते तितक्याच सुबकपणे छापून देते.

तिसरा आक्षेप त्या आईचा, आणि तो सगळ्यांत जड आहे. गुण मिळाले तर मुलगा संभाजीनगरला, पुण्याला जाईल. कोरडवाहू शेतीतून घराला बाहेर काढणारी तेवढीच एक वाट तिने पाहिली आहे. गेल्या दुष्काळांत तिने सुकलेल्या मोसंबीच्या बागा तोडताना पाहिल्या आहेत. तिला 'गुण महत्त्वाचे नाहीत' असे सांगणे हा पोट भरलेल्यांचा आगाऊपणा होईल. गुण महत्त्वाचे आहेत. म्हणूनच मागणी आईकडे नाही, व्यवस्थेकडे करायची आहे. ज्या दोन महिन्यांत हा मुलगा बल, घर्षण, आटे, भूमिती आणि चिकाटी शिकला, ते दोन महिने त्याच्या गुणपत्रिकेत कुठेतरी दिसले पाहिजेत. ते दिसत नाहीत तोवर आईचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण चूक आहोत. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. शिलाई यंत्राचा ताण ज्यांच्या बोटांना आजही सगळ्यांत चांगला कळतो, त्यांना पान्हा हातात धरू द्यायला आपण अजून बिचकतो.

करायचे काय? मोठी योजना नको. तालुक्याला आयटीआय असते, तिथे लेथ, व्हाइस, ड्रिल असते. रविवारी ती इमारत बंद असते. महिन्यातून दोन रविवार ती शाळेतल्या मुला-मुलींसाठी उघडावी. गावातला एक मेस्त्री, एक निवृत्त शिक्षक आणि एक आयटीआयचा निदेशक, एवढी माणसे पुरेत. मेस्त्रीला त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. सन्मानपत्र देऊन बोळवण करू नये. पैसे कोठून, असे कोणी विचारील. बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था यांच्या वार्षिक सभांवर आणि शालींवर होणारा खर्च पाहिला तर उत्तर सापडते. दहा बिनदप्तराचे दिवस याच कार्यशाळेत घालवले तर धोरणही पाळले जाईल आणि अहवालही खरा होईल.

मुलांवरचा ताण कमी करा, असे आपण रोज वाचतो. पट्ट्याचा अनुभव वेगळे सांगतो. अजिबात ताण नसलेला पट्टा पहिल्याच वळणावर निसटतो आणि करकचून आवळलेला आतल्या आत झिजतो. स्क्रू किती फिरवायचा ते ठरवायला कोणीतरी वाकून, चाकाच्या उंचीवर डोळे आणून पाहावे लागते. आपली शाळा आजवर स्क्रू वरून, उभ्यानेच आवळत आली आहे.